अकरा वाजून वीस मिनिटे

ओरिनगालीने चाकूचे पाते काचेवर आडवे धरले आणि हिरव्या रंगाची एक लांब साल खरवडून काढली. सालीखाली वाफेचा दाब दाखवणारी तबकडी होती. तिचा काटा, तिच्यावरचे आकडे, कारखान्याचे नाव, या सगळ्यावरून रंगाऱ्याने एकाच हाताने कुंचला फिरवला होता. साल अजून ओली होती. ती त्याच्या अंगठ्याला चिकटली. त्याने ती वर्तमानपत्राच्या कपट्यात गुंडाळली आणि तो कपटा इंजिनाच्या पायरीवर, आधीच्या सात कपट्यांच्या रांगेत ठेवला.

“काच होती होय ती, ओरेके?” खालून गेना रंगाऱ्याने विचारले. ओरिनगालीला सगळे आदराने ओरेके म्हणत. तो बादलीवर बसून सूर्यफुलाच्या बिया फोडत होता. “मला वाटलं, कसलंतरी झाकण असेल.”

“आणि कोळसा? तोही झाकणच वाटला?”

गेनाने मान मागे टाकून इंजिनाच्या मागच्या डब्याकडे पाहिले. तिथला कोळशाचा ढीग काळ्या रोगणाने माखला होता आणि छताच्या फटीतून येणाऱ्या उन्हात ओल्या जोड्यासारखा चकाकत होता.

“ते साहेबांनी सांगितलं म्हणून. म्हणाले, शनिवारी मोठे लोक येणार, कोळसा कसा नवा दिसला पाहिजे.”

“तीस कोटी वर्षांचा असतो कोळसा, गेना.”

“असेल. पण लई मळला होता.”

ओरिनगालीने पुढे वाद घातला नाही, आणि ही त्याच्या बाबतीत सहसा न घडणारी गोष्ट होती. त्याने चाकू पुन्हा काचेवर टेकवला. कझाक प्रदेशातल्या सारीकुदुक जंक्शनचे हे रेल्वे-संग्रहालय जुन्या इंजिनशेडमध्ये भरवलेले होते: वाफेची दोन इंजिने, पाच डबे, चौदा काचेची कपाटे आणि नोंदवहीत चार हजार दोनशे बारा वस्तू. ती नोंदवही तेवीस वर्षे एकाच अक्षरात लिहिली गेली होती आणि ते अक्षर ओरिनगालीचे होते. लोक भट्टीत बियांची टरफले थुंकत. लग्नाची वरात फोटोसाठी यायची, नवरी इंजिनाच्या बफरवर चढायची आणि मागे शाम्पेनचा चिकट ओघळ ठेवून जायची. ही घाण होती. ती पुसता येत होती, आणि एकसष्टाव्या वर्षीही तो ती रोज पुसत होता. त्याला खरी शिसारी होती ती अंदाजाची. ‘सुमारे’, ‘बहुधा’, ‘असे सांगतात’ हे शब्द दुसऱ्याच्या लिखाणात दिसले की जेवणात केस निघाल्यासारखे त्याचे तोंड होई.

आणि गेल्या वर्षापासून तर सगळे संग्रहालयच अंदाजावर चालले होते. नवा संचालक मार्लेन साबितोविच पूर्वी शीतकपाटे विकायचा. चार क्रमांकाच्या कपाटात स्टेशनमास्तर दुइसेनबीचा गणवेशाचा कोट होता. त्याच्या छातीवर तीन पदके होती, कारण दुइसेनबीला तीनच मिळाली होती. मार्लेनने बाजारातून आणखी चार आणून लावली. एवढ्या रुंद छातीवर तीन म्हणजे भिकारडे दिसते, असे त्याचे म्हणणे. ओरिनगालीने त्याविरुद्ध सहा पानांचे निवेदन दिले होते. मार्लेनने ते न वाचता त्याच्यावर चहाचा पेला ठेवला होता. पेल्याचे वर्तुळ ओरिनगालीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते.

“ओरेके, जरा खाली या हो.”

मार्लेन शेडच्या दारात उभा होता. त्याच्या मागे पंचेचाळिशीच्या आतबाहेरची एक बाई होती. डोक्याला रुमाल घट्ट बांधलेला, हातांत रिकामी पिशवी, आणि मनगटापासून कोपरापर्यंत जुन्या भाजल्याचे तांबूस पट्टे. स्टेशनसमोरच्या तंदूरवर नान लावणाऱ्या बायकांचे हात असे असतात.

“या राउशान आपा. तासभर माझ्या खोलीत बसल्यात. काम तसं काहीच नाही, एका ओळीचं आहे. पण तुमच्या ओळीला हात लावायचा म्हणजे तुमची परवानगी पाहिजे, नाहीतर पुन्हा सहा पानं लिहाल.” मार्लेन आपल्याच विनोदावर हसला.

ओरिनगालीने चाकू पुसला, मिटला, खिशात ठेवला आणि मगच तो पायऱ्या उतरला.

बाई त्यांना बोळातल्या नऊ क्रमांकाच्या फोटोकडे घेऊन गेली. बोट दाखवायची गरज नव्हती. फोटोत कलंडलेले डबे होते, रुळांवर बसकण मारलेले एक इंजिन होते आणि त्याच्याभोवती हात मागे बांधून उभी असलेली माणसे होती. खालच्या कार्डावर रशियनमध्ये लिहिले होते: ‘सतरावा थांबा, ८ जून १९५९, ११ वाजून २० मिनिटे. मालगाडी चुकीच्या मार्गावर वळून कामगारांच्या राहत्या डब्यांवर आदळली. तीन ठार. कारण: सांधेवाली उलबोसिन झाकानोवा लग्नाच्या जेवणासाठी जागा सोडून गेली होती.’

“ती माझी आई,” राउशान म्हणाली. “गेल्या आठवड्यात माझी मुलगी शाळेबरोबर आली होती इथं. बाईंनी वर्गाला आपल्या भाषेत मोठ्यानं वाचून दाखवलं. नाव वाचलं, आणि पोरांनी वळून हिच्याकडं बघितलं. आता वर्गात तिला ‘जेवणवाली’ म्हणतात. ‘नीट जेव हं, गाडी पडेल’ म्हणतात. चार दिवस झाले, शाळेत गेली नाही. घरी ताटावर पण बसत नाही.”

“पोरं म्हणजे ना,” मार्लेन म्हणाला.

“मी फोटो काढा म्हणत नाही, आगा. गाडी पडली, माणसं मेली, ते राहू द्या. नुसतं नाव काढा. ‘सांधेवाली’ एवढं पुरे नाही का?”

“काढून टाकू की,” मार्लेन म्हणाला. “गेना रंगाचा डबा घेऊन आहेच. एक हात मारला की झालं. कुणाला काय फरक पडतो, ओरेके?”

त्याच्या या उदारपणाने ओरिनगालीच्या अंगावर काटा आला. कोळशाला रोगण, कोटाला पदके, आणि आता नावावर रंग. सगळे एकाच बादलीतून.

“फरक पडतो,” तो म्हणाला. “तीन माणसं मेली. त्यांचीही पोरं आहेत या गावात. उद्या त्यांनी येऊन विचारलं की नाव का पुसलं, तर मी काय सांगू? आपा तासभर बसल्या होत्या म्हणून?” मग तो बाईकडे वळला, आणि आवाज त्याने जाणूनबुजून खाली आणला. “हे बघ, कारिंदास. धाकट्या बहिणीला सांगावं तसं सांगतो. मुलीचं ऐकून मला वाईट वाटलं. त्या मास्तरीणबाईंना मी स्वतः पत्र लिहीन. पण कागद पाहिल्याशिवाय मी इथं एक अक्षर लिहिलेलं नाही, आणि कागद पाहिल्याशिवाय पुसतही नाही.”

“आईनं गुन्हा केला नाही, असं मी कुठं म्हणतेय?”

हे तिने अगदी सरळ सांगितले.

“ती सहा वर्षं आत होती. आली आणि मरेपर्यंत त्याच स्टेशनवर, प्रवासी बसतात तिथली फरशी पुसत राहिली. एकच वाक्य बोलायची. भांडी घासताना, माझी वेणी घालताना, मध्येच. ‘बाराला मी जाग्यावर होते.’ तेवढंच. मी तेरा वर्षांची होते, शाळेत हुशार होते. एक दिवस वैतागून म्हटलं, आई, गाडी पडली अकरा वीसला, सगळ्या गावाला माहितीय. तू बाराला पोचलीस म्हणजे तू नव्हतीसच ना तिथं. कोर्ट दुसरं काय म्हणालं?”

“मग?” ओरिनगालीने विचारले.

“काहीतरी बोलणार होती. तोंड उघडलं होतं. मग म्हणाली, ‘तू शिकलेली आहेस.’ त्यानंतर ते वाक्य पुन्हा कधी बोलली नाही.” राउशानने पिशवीची घडी घातली, उलगडली. “म्हणून म्हणते, माझा कागदाशी वाद नाही. नुसतं नाव.”

वाद नाही म्हणणाऱ्या माणसाशी वाद कसा घालायचा, हे ओरिनगालीला कधीच जमले नव्हते. त्याला राग आला तो मार्लेनचा. हा माणूस घड्याळाकडे पाहत होता, आणि थोड्याच वेळात ‘हो’ म्हणून मोकळा होणार होता. मग ते कार्ड कुणीतरी अंदाजाने लिहिणार होते.

“चल माझ्याबरोबर,” तो बाईला म्हणाला. “तुला पूर्ण कागद वाचून दाखवतो. तुझ्या आईचा जबाब आहे, तिचा अंगठा आहे. एवढं ऐकून तुला वाटलं की नाव अन्यायानं लिहिलंय, तर मी स्वतः काढतो.”

“हे चांगलं,” मार्लेन म्हणाला. “तुम्ही वाचा. मी पडद्यांचं बघतो.”

वस्तूंची खोली शेडच्या मागच्या बाजूला होती. आत ओळीने कंदील, शिट्ट्या, हिरव्या-लाल झेंड्या, तिकिटे छेदायचे चिमटे, प्रत्येकाच्या गळ्यात दोऱ्याने बांधलेला क्रमांक. मार्लेन इथे क्वचितच येई. इथे अजून तेल आणि जुन्या कागदाचाच वास होता. ओरिनगालीने बाईला खुर्ची दिली, स्वतः शिडीवर चढला आणि तिसऱ्या फळीवरून करड्या पुठ्ठ्याची फाइल खाली आणली. कार्ड लिहिताना त्याने तिचे शेवटचे पान, निकालपत्र, पाहिले होते. निकालपत्रात सगळे होते. आतली पाने चाळायची गरज त्या वेळी पडली नव्हती.

त्याने नाडी सोडली. आठवे पान जबाबाचे होते. छापील तक्ता, रशियनमध्ये. डावीकडे प्रश्न, मधे उत्तर, उजवीकडे वेळेचा रकाना. अक्षर उजवीकडे किंचित कललेले, गोल, एकसारखे. एकही खाडाखोड नाही. ते पाहून त्याला क्षणभर बरे वाटले. असे अक्षर आता कुणी काढीत नाही, असेच त्याच्या मनात आले. आपण कुणाच्या अक्षराचे कौतुक करतो आहोत, हे त्याच्या ध्यानात यायला आणखी दोन ओळी जाव्या लागल्या.

तो तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. विभागाच्या कचेरीत रशियन बिनचूक लिहू शकणारा एकच कझाक कारकून होता आणि तो म्हणजे तो. चौकशी अधिकाऱ्याबरोबर त्याला सतराव्या थांब्यावर पाठवले होते. अधिकारी बाहेर सावलीत सिगारेट ओढत बसला. आत चौकीदाराच्या खोलीत एक तरुण बाई होती, तीन महिन्यांपूर्वी कामाला लागलेली; तिच्या मांडीवर एक पोर होते आणि ते त्याच्या दौतीकडे सारखा हात करीत होते. एवढेच त्याला आठवत होते. बाईचे नावसुद्धा त्याने पुढे निकालपत्रातूनच उतरवले होते.

“काय झालं, आगा?”

“काही नाही. अक्षर बारीक आहे.” त्याने चष्मा पुसला. “मी आपल्या भाषेत सांगत जातो. तिनं जसं सांगितलं असेल तसं.”

तो वाचू लागला. वस्तीवर मामेबहिणीचे लग्न होते. तिची पाळी दुपारची होती म्हणून ती सकाळी तिकडे गेली.

“‘अकरापर्यंत मी लग्नघरी होते,’” त्याने वाचले. “‘वऱ्हाड जेवायला बसलं, पण मी बसले नाही, कारण चालत तासाभराची वाट होती. बाराला मी जाग्यावर आले. आधीच्या पाळीवाल्यानं माझ्यासमोर पुस्तकात नोंद केली आणि तो गेला. मग फोनवर स्टेशनमास्तरांचा हुकूम आला, दुसऱ्या मार्गाचा, म्हणून मी सांधा फिरवला...’”

तो थांबला.

आपल्या भाषेत, मोठ्याने, एका बाईसमोर वाचताना ते वाक्य त्या दिवशी जसे उच्चारले गेले होते तसेच पुन्हा खोलीत उमटले होते. वस्तीवरची बाई, वस्तीवरचे लग्न, वस्तीवरचे अकरा. त्याने पानाकडे पाहिले. उजवीकडच्या रकान्यात, त्या देखण्या कललेल्या अक्षरात, ११:०० आणि त्याखाली १२:०० लिहिलेले होते. रकान्याच्या डोक्यावर बारीक छापील अक्षरे होती: ‘वेळ, मॉस्को.’

त्या काळी सारीकुदुकला दोन घड्याळे चालत. रेल्वेचे घड्याळ मॉस्कोवर, गावाचे सूर्यावर. दोन्हींत तीन तासांचे अंतर. गाव वामकुक्षी घेत असे तेव्हा फलाटावर अकरा वाजलेले असत. हे इथल्या प्रत्येक माणसाला आपल्या दोन हातांसारखे ठाऊक होते, आणि म्हणूनच ते कुणी बोलून दाखवीत नसे.

त्याने फाइल तशीच उघडी ठेवली, उठला आणि सहाव्या फळीवरून एक लांबट वही काढली. वस्तू क्रमांक २८७०, सतराव्या थांब्याचे पाळी-पुस्तक, स्थिती उत्तम. खाली त्याच्याच हाताचा शेरा होता: ‘शेवटची नोंद बनावट.’ निकालपत्रात तसे म्हटले होते. जबाबाशी नोंद जुळत नव्हती म्हणून. त्याने शेवटचे पान उघडले. ८ जून. पाळी घेतली, नऊ वाजता. समोर एक अंगठा.

“तिथं काय लिहिलंय?” राउशानने विचारले.

“नऊ. रेल्वेचे नऊ.”

ती आयुष्यभर स्टेशनसमोर राहिलेली होती. गाड्यांच्या वेळेवर तिचे नान तंदूरमधून निघत होते. तिला समजावून सांगायला त्याने तोंड उघडले, तेवढ्यात ती म्हणाली,

“नऊ आणि तीन बारा.”

“हो.”

“आणि गाडी अकरा वीसला पडली ती...”

“आपल्या घड्याळानं दोन वीसला. तुझी आई दोन तास वीस मिनिटं जाग्यावर होती.”

त्याला वाटले होते, ती रडेल किंवा ओरडेल. तिने एवढेच केले की मांडीवरची पिशवी उचलून जमिनीवर ठेवली, जणू आता हात मोकळे हवेत.

“मी तिला हिशेब करून दाखवला होता,” ती म्हणाली.

ओरिनगाली पानाकडे पाहत होता. चौकशीनंतरच्या आठवड्यात कँटीनमध्ये एका म्हाताऱ्या गार्डने त्याच्या शेजारी बसून सूप भुरकता भुरकता विचारले होते, ‘काय रे पोरा, तुझ्या जबाबातले अकरा कुणाचे? त्यांचे की आपले?’ आणि तो हसला होता. गार्डच्या मिशीला सुपाची चरबी लागलेली होती, ओरिनगालीच्या अंगावर नवा गणवेश होता, आणि त्याला त्या मिशीची किळस आली होती. त्याने आपले ताट उचलून दुसऱ्या टेबलावर नेले होते. ती मिशी इतकी वर्षे त्याच्या लक्षात राहिली होती. तो प्रश्न आज आठवला. की प्रश्नही तेव्हापासून आठवत होता आणि म्हणूनच मिशी लक्षात ठेवली होती, याचा निवाडा त्याला करता येईना. स्वतःविषयी अंदाज बांधण्याची ही त्याची पहिलीच वेळ होती.

त्या अक्षराकडे त्याला बघवेना. प्रत्येक आकड्याचा डौल, प्रत्येक शून्याची गोलाई. किती निवांतपणे काढले होते ते.

“तिला वाचून दाखवलं होतं का हे?” राउशानने विचारले. “अंगठा घ्यायच्या आधी?”

“नाही.”

“का?”

तसा नियम नव्हता. अधिकारी घाई करीत होता. लिहिणारा एकोणीस वर्षांचा होता. या तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या आणि तिन्हींसाठी कागद दाखवता आला असता.

“परतीची गाडी सुटायची होती,” तो म्हणाला.

“तुम्हाला काय माहीत?”

त्याने पान तिच्याकडे वळवले. तिला रशियन हस्ताक्षर वाचता येत नव्हते, हे त्याला ठाऊक होते. सही वाचता येत नाही असे तो म्हणू शकला असता. जुन्या फायलींत कितीतरी सह्या वाचता येत नाहीत. त्याने बोट तळाच्या ओळीवर ठेवले आणि आतापर्यंत वाचले होते त्याच स्वरात वाचले,

“‘दुभाषी आणि लेखनिक, ओरिनगाली तुलेगेनोव.’”

राउशानने त्या ओळीकडे पाहिले नाही. ती त्याच्या हाताकडे पाहत होती. दूर शेडमध्ये गेना शिडी ओढत होता, तिचे पाय फरशीवर किंचाळत होते.

“तिच्या मांडीवर एक पोर होतं,” तो म्हणाला.

“ती मी.”

दार ढकलून मार्लेन आत डोकावला. त्याच्या खांद्यावर तांबड्या मखमलीचा पडदा होता. “काय मग? काढायचं ना नाव? गेनाला पाठवू?”

“नाही,” राउशान म्हणाली. “नाव राहणार.”

“राहणार?” मार्लेनने आळीपाळीने दोघांकडे पाहिले आणि त्याचा चेहरा उजळला. “अरे वा. पटलं म्हणायचं आपांना. बघा, शांतपणे बोललं की सगळं मिटतं. ओरेके, मी उगाच घाबरत होतो तुम्हाला.” तो पडदा सावरत निघून गेला.

ओरिनगालीने त्याला हाक मारली नाही. शनिवारी मार्लेन पाहुण्यांना घेऊन बोळातून जाणारच होता; नवव्या फोटोपाशी थांबणार होता. तेव्हा जे व्हायचे ते होणार होते.

“नाव राहू द्या,” राउशान पुन्हा म्हणाली, या वेळी त्याला उद्देशून. “बाकीचं बदला. आणि जिथं तिचं लिहाल तिथं तुमचं पण लिहा. आपल्या भाषेत. माझ्या मुलीला वाचता आलं पाहिजे. तिच्या वर्गालाही.”

तो टेबलाशी बसला. त्याने खणातून कोरे कार्ड काढले आणि लिहू लागला. हात सावकाश चालत होता. गाडीची वेळ त्याने दोनदा लिहिली, एकदा रेल्वेची आणि एकदा गावाची. सांधेवाली जाग्यावर होती, हे लिहिले. फोनवरच्या हुकुमाप्रमाणे सांधा फिरवला असे तिने सांगितले होते, हेही लिहिले. जबाब चुकीच्या घड्याळाने कुणी लिहिला ते लिहिले, पूर्ण नाव आणि हुद्द्यासह. मग त्याने शाई वाळू दिली आणि कार्ड तिच्याकडे सरकवले.

राउशानने एकेका शब्दावर बोट ठेवीत ते वाचले. नखात पीठ होते, त्याचा पुसट पांढरा ठसा ओळीओळींखाली उमटत गेला. तिने पहिल्या ओळीवर बोट परत आणले.

“हे तेवीस कुठून आणलं?”

“वय? जबाबात आहे.”

“बावीस. तेविसावं तिला तिथं लागलं, आत.”

ओरिनगालीने खोडले नाही. त्याने ते कार्ड बाजूला ठेवले आणि दुसरे घेतले.

“जन्मतारीख सांग.”

“तारीख कुणी ठेवलीय, आगा. मेंढ्यांच्या दुसऱ्या कातरणीला झाली, असं आजी सांगायची.”

दुसरी कातरणी म्हणजे भादरण्याचे कोणते दिवस, कोणता महिना, हे तो सांगू शकला असता. संग्रहालयाच्या नियमाप्रमाणे त्याने ते काढून कंसात द्यायलाही हवे होते. त्याने दौतीत टाक बुडवला.

“पुन्हा एकदा सांग,” तो म्हणाला. “जरा हळू.”

तिने सांगितले, आणि त्याने ते तिच्याच शब्दांत उतरवून घेतले.